कळल्यापासून सुतक

इंदूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुरणयंत्र फिरवत होतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात पहाटेपासून बायकांची धावपळ, ओट्यावर सोळा भाज्यांचे ढीग, आणि पुरणयंत्र दरवर्षी माझ्याकडे, कारण बाकी कशालाच माझा उपयोग नाही असं आमच्या आईचं ठाम मत आहे. फोन खांद्याने कानाशी दाबून मी मागच्या अंगणात आलो. पलीकडून सुनंदा बोलत होती. सुनंदा म्हणजे उमरेडला आत्याच्या शेजारी राहणारी, शिवणकाम करणारी तिची जुनी विद्यार्थिनी. शेवटची काही वर्षं आत्याचं दुखणंखुपणं तिनंच काढलं. ती म्हणाली, "भाऊ, बाई गेल्या. आत्ताच... चहा घेता घेता." आवाज अगदी स्वच्छ येत होता. तिच्यामागे कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, तोसुद्धा मला ऐकू आला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हॅलो... हॅलो... आवाज येऊन नाही राहिला..." आणि फोन बंद केला. नुसता कापला नाही, पार बंद केला. त्याच्यावर पुरणाची बोटं उमटली होती ती पुसली, फोन कपाटात रजयांच्या मागे सारला, आणि परत येऊन पुरणयंत्राला बसलो.

ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना हे सांगावं लागणार नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. घरात देवी उभ्या असताना कुळातलं कोणी गेल्याचं कळलं की सुतक लागतं. नैवेद्य नाही, आरती नाही, पंगत नाही. सगळं जागच्या जागी थांबतं. आणि सुतक लागतं ते कळल्यापासून. कळलंच नाही, तर नाही लागत. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे ती शेवटपर्यंत आमच्याच कुळातली. तिचं सुतक पुरं दहा दिवसांचं. लग्न झालं असतं तर थोडक्यात भागलं असतं... असाही एक विचार त्या अंगणात माझ्या डोक्यातून सर्रकन गेला. आज तो कागदावर उतरवताना मला माझी किळस येते. पण गेला, हे खरं आहे. आत पुरण शिजलेलं होतं, रामटेकचे पाहुणे निघाले होते, आणि ऐंशी उलटलेली आमची आई नऊवारी नेसून देवीपुढे खुर्ची टाकून बसली होती. ह्या माझ्या शेवटच्या महालक्ष्म्या, असं ती दरवर्षी म्हणते. हे सगळं मी त्या वेळी तोलून पाहिलं असं मात्र कोणी समजू नये. मी काहीच तोललं नाही. "आवाज येऊन नाही राहिला" हे वाक्य आपसूक तोंडातून बाहेर पडलं, शिंक यावी तसं.

इंदूआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. उमरेडच्या एका शाळेत तिनं जन्मभर मराठी शिकवलं. "तिचं लग्न जमलं नाही," असं घरचे म्हणायचे. "मी केलं नाही," असं ती म्हणायची, आणि ह्या दोन वाक्यांमधलं अंतर तिनं कधी कोणाला समजावून सांगितलं नाही. मी शाळेत असताना आई फार आजारी पडली आणि मला दोन वर्षं आत्याकडे ठेवलं. त्या घरात टीव्ही नव्हता, शब्द होते. ताटात भाजी पडली की भाजीच्या नावाची चौकशी, पायात काटा मोडला की काट्याच्या नावाची. "ह्या शब्दाचं माहेर कोणतं गा?" असं ती विचारायची. सासरी नांदायला आलेल्या सुनेसारखा तिला प्रत्येक शब्द दिसायचा: इथं कशी वागते ते आपण पाहतोच, पण ती आली कुठून? मला तेव्हा ह्या प्रकाराचा भयंकर कंटाळा यायचा. जेवताना जेवावं, एवढीच माझी अपेक्षा असायची.

तिच्याकडेच असताना एकदा शाळेत निबंध लिहायला दिला होता, रूढींवर. मी झोकात सुरुवात केली की रूढी म्हणजे वाईट चालीरीती. आत्यानं वही पाहिली आणि मला मागच्या वाफ्यात नेलं. वाफ्यात मेथी होती, आणि मेथीच्या बरोबरीनं गाजरगवत माजलं होतं. "रुह् म्हणजे उगवणं, वाढणं, वर चढणं," ती म्हणाली. "रोप त्यातलंच, आरोह त्यातलाच. जे मूळ धरून वाढलं ते रूढ. त्यात चांगलंही नाही अन् वाईटही नाही. मेथी मी पेरली, हे गवत कोणी पेरलं? दोन्ही उगवलंच ना? आता निंदण करायचं का नाही हे शब्द नाही सांगत गा. ते आपल्याले पाहावं लागते." आणि मला तिनं वाफा निंदायला बसवलं. शब्द राहिला बाजूला, माझ्या हातांना खाज सुटली ती रात्रभर गेली नाही. निबंधाला गुण चांगले पडले, हेही सांगायला हवं.

पुढे मोठा झाल्यावर, दुकान टाकल्यावर, मी उमरेडला गेलो की हा विषय कधीतरी निघायचाच. एकदा तिनं 'कुशल'ची गोष्ट सांगितली. कुश म्हणजे एक धारदार गवत. ते हात न कापता तोडून आणील तो कुशल, असं जुने पंडित म्हणायचे. आता सुतार कुशल असतो, डॉक्टर कुशल असतो. गवताचा कुठं पत्ता नाही. अर्थ जिथून निघाला ते विसरूनही शब्द ठणठणीत चालू राहतो, अशा अर्थाला शास्त्रात रूढ अर्थ म्हणतात. "माणसाच्या रूढीचंही तसंच आहे," ती म्हणायची, "गवत कोणालेच आठवत नाही." रीत म्हणजे मुळात वाहणं, रिवाज अरबीतून फारसीच्या वाटेनं आला, आणि त्याचा अर्थ चलनात असणं, बाजारात खपणं. हा रिवाज मला एकदम पटला. खपतं ते ठेवावं, कशाला खपतं हे विचारत बसू नये. हार्डवेअरच्या धंद्यात तर हाच मंत्र आहे. मी तसं म्हणालो तेव्हा ती पोट धरून हसली होती.

महालक्ष्म्यांना ती दरवर्षी आदल्या दिवशी एसटीनं यायची. मुखवट्यांना हात लावायची नाही, लावू दिलाही नसता. ती भाज्या चिरायची आणि ज्वारीची आंबील करायची. आंबील तिचीच. तिला जेवायला कुठं बसवायचं हे कोडं मात्र माझ्या आजीला मरेपर्यंत सुटलं नाही. सवाष्णींच्या पंगतीत बसवता येत नाही, विधवा म्हणून बाजूला काढता येत नाही, आणि पन्नाशीच्या बाईला कुमारिका म्हणून पाटावर बसवायचं म्हटलं तर लोक हसतील. शेवटी ती आम्हा पोट्ट्यांच्या पंगतीला बसायची, सगळ्यात शेवटी. "मी धुऱ्यावरचं झाड आहे," म्हणायची, "ना ह्या वावरातलं, ना त्या." हे ती हसत म्हणायची, आणि आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं हे मला आता सांगता येणार नाही.

माझ्या लग्नाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळीच रामटेकला वडिलांचे एक चुलतकाका वारले. निरोप घेऊन आलेल्या माणसाला आमच्या मोठ्यांनी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसवलं, बुंदी खाऊ घातली, आणि अक्षता पडेपर्यंत त्याला बाहेर येऊ दिलं नाही. संध्याकाळी सगळीकडे ह्या हुशारीचं कौतुक चाललेलं. "वेळेवर डोकं चाललं म्हणून निभलं," असं जो तो म्हणत होता. आत्याला ते पंगतीत कळलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुतक आपल्याले लागते म्हणता. त्या म्हाताऱ्याले काय लागलं असन, ते कोणी विचारलं का?" नवी नवरी माझ्या शेजारी घाबरून बसलेली. मला आत्याचा असा संताप आला की काय सांगू; माझ्याच लग्नात हिला हे सुचावं! मी तिला "आज तरी गप बस" म्हणालो. ती गप बसली.

दुसऱ्या दिवशी निघताना मात्र तिनं मला बाजूला घेतलं. रागावलेली नव्हती. म्हणाली, पूर्वी माणूस परगावी जाऊन मरायचा, निरोप पायी यायचा, महिना महिना लागायचा. मधल्या काळात घरच्यांनी सण केले असतील, गोडधोड खाल्लं असेल. मग कळल्यावर ते बिचारे जिवाला लावून घेणार, की तो तिकडे गेला अन् आपण इकडे पुरणपोळ्या खाल्ल्या. म्हणून कोणीतरी दयाळू माणसानं सांगून ठेवलं, की बाबा, कळल्यापासून सुतक, तुझा दोष नाही. "न कळलेल्या माणसाची सोय होती गा ती," आत्या म्हणाली. "आपण तिची न कळवायची सोय केली." मी हो हो केलं. मला फोटोवाल्याचा हिशेब करायचा होता.

तिची शेवटची भेट महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधीची. खाटेवर बसली होती, अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मात्र तेच. ह्या वर्षी येणं होत नाही म्हणाली. मग म्हणाली, आंबील आणशील का डब्यात, थोडीशी. आमच्या घरी महालक्ष्म्यांचा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. जो येईल त्यानं पोटभर जेवावं, पण नेऊ नये; उरलं-उष्टंही अंगणात खड्डा करून पुरतात. मी म्हणालो, "आत्या, बाहेर नाही नेत. तुले तर माहीत आहे." ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग हसली. "पक्कं रुजलं गा तुह्यात," एवढंच म्हणाली... आणि सुनंदानं आणलेला चहा माझ्यापुढे सरकवला. तिला आंबील हवी होती, प्रसाद नको होता, हे मला परतीच्या एसटीत कळलं. घरी वेगळी करून नेता आली असती. ज्वारीला काय तोटा होता? तेवढंही मी केलं नाही.

तर तो दिवस. फोन कपाटात, आणि मी घरभर. पाहुणे आले, देवींवर टांगलेल्या फुलोऱ्याचं कौतुक झालं, पुरण कसं मऊसूत झालंय म्हणून माझी पाठ थोपटली गेली. आरती दरवर्षी मी करतो. ह्या वर्षी मी कंबर धरली, म्हणालो उसण भरली, आणि तबक मुलाच्या हातात दिलं. देवीला मी शिवलो नाही, नमस्कारही लांबूनच केला. म्हणजे पाहा, सुतक मी पाळलं! देवीपुरतं पाळलं, आत्यापुरतं नाही पाळलं. घाबरायचं कोणाला हे माझ्या अंगाला बरोब्बर माहीत होतं. आणि मग जेवलो. घास उतरला नाही असं लिहिलं तर जरा बरं वाटेल, पण तो उतरला. पुरणपोळीवर तूप घेतलं. पाहुण्यांना आग्रह केला. आंबील सुनेनं केली होती, ती आत्याच्या हातची नव्हती असं दोन-तीन जण म्हणाले, तेव्हा मीही मान हलवली. संध्याकाळी उष्ट्याचा खड्डा खणायचं काम माझंच. माती ओली होती, कुदळ भसाभस जात होती. उमरेडला त्याआधीच सगळं आटोपलं होतं. तिथं तिला निरोप दिला त्या वेळी मी पंगतीत वाढत होतो.

दुसऱ्या दिवशी देवींचं विसर्जन झालं. मुखवटे पेटीत गेले. मग मी फोन काढला, चालू केला, रडवेला चेहरा केला आणि आईपुढे जाऊन सांगितलं, आत्ताच कळलं, आत्या गेली. आई एकदम बसली. पाणी मागितलं, प्यायली नाही. बाकी घर रडलं, आणि रडता रडताच पहिलं वाक्य जे कोणीतरी बोललं ते असं, की बाई पुण्यवान, महालक्ष्म्या नीट होऊ दिल्या अन् मग कळू दिलं. देवीनंच सांभाळलं. मी तिथं उभा होतो. मी म्हणालो, "हाव, देवीनंच."

उमरेडला पोचलो तेव्हा सुनंदा दारातच भेटली. त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली होती. भाऊ येतील, निघाले असतील, असं ती लोकांना सांगत राहिली. माझ्याशिवाय आमच्या घरातल्या कोणाचा नंबर तिच्याकडे नव्हता, पण माझा होता ना. म्हणून ती निश्चिंत होती. शेवटी आत्याच्या विद्यार्थ्यांनी खांदा दिला. केस पिकलेली माणसं, कोणी खाणीतून निवृत्त झालेला, कोणी दुकानदार. मडकं कोणी धरायचं ह्यावर थोडी कुजबूज झाली, बाईमाणसानं धरावं का वगैरे. मग सुनंदानंच ते उचललं. हे सगळं तिनं मला सरळ, तक्रार न करता सांगितलं. मी म्हणालो, सकाळी फोन आला होता तुझा, पण काही ऐकूच नाही आलं, मग फोनही बिघडला. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, सुई ओवायला लागतो तेवढाच वेळ. म्हणाली, "हाव भाऊ, इकडे नेटवर्कचं असंच आहे." आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. तिनं मला तिथं खोटं पाडलं असतं, चार लोकांत शिव्या घातल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते. त्या चहाचा कप मी कसा संपवला ते माझं मला माहीत.

पुढे दहा दिवस मी कडक सुतक पाळलं. दाढी नाही, गादी नाही, दुकान बंद. तेरवीला लोक म्हणाले, भाच्यानं पोटच्या पोरासारखं केलं. कोणीतरी म्हणालं, आत्याबद्दल दोन शब्द बोल, तर मी उभा राहून रुह् धातू, मेथीचा वाफा आणि गाजरगवत सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. सुनंदा मागे भिंतीला टेकून बसली होती, ती खाली पाहत होती. वर्तमानपत्राच्या ह्या रविवारच्या पुरवणीचं काम पाहणारे एक गृहस्थ तिथं होते. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, हेच लिहून द्या. मी बसलो आणि लिहिलं. शब्दांची माहेरं, एसटी, आंबील, धुऱ्यावरचं झाड, सगळं. छान जमलं होतं. त्यात मीही छान दिसत होतो.

आईची नजर आता अधू झाली आहे. रविवारची पुरवणी मी तिला वाचून दाखवतो. पूर्वी वाचून झाली की माझ्याच फोनवर आत्याचा फोन यायचा. तिनं तिकडे तीच पुरवणी वाचलेली असायची, आणि मग दोघी नणंद-भावजया कोणत्यातरी शब्दावरून अर्धा तास घालवायच्या. आता पुरवणी संपली की आई उठत नाही, जराशी बसून राहते. तर परवा मी म्हटलं, छापायला देण्याआधी तो लेख हिला वाचून दाखवू. ती डोळे मिटून ऐकत होती. मेथीच्या वाफ्याला हसली. संपल्यावरही डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, चांगलं लिहिलं, पण फोनचं नाही लिहिलं.

मी म्हणालो, कोणता फोन.

"इंदूताईचा फोन महालक्ष्म्यांच्या सकाळी येतेच, येणं झालं नाही तर. पुरण जमलं का वहिनी, म्हणून विचारते. ह्या वर्षी मी वाट पाहून राहिली, आला नाही. अन् तू अंगणातून फोनवर बोलून आला, अन् आरती नाही घेतली."

मी हातातले कागद खाली ठेवले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मंग तू मले विचारलं काहून नाही, आई?"

"विचारलं असतं, तर तू सांगितलं असतं."